थेट बागेतून आंबा विकताय? गूगल ॲड्सचं खातं असं उघडा

पुण्यातला एखादा माणूस एप्रिलात फोनवर ‘देवगड हापूस घरपोच’ असं शोधतो, तेव्हा त्याला आंबा घ्यायचाच असतो. फक्त कुणाकडून घ्यायचा ते ठरलेलं नसतं. नेमक्या त्या वेळी सगळ्यात वर, ‘प्रायोजित’ लिहिलेल्या जागेत तुमच्या बागेचं नाव दिसावं, यासाठी गूगल ॲड्स आहे. फेसबुकवर किंवा इन्स्टाग्रामवर आपण लोकांच्या पुढ्यात जाऊन उभे राहतो. इथे गिऱ्हाईक स्वतःहून विचारत आलेलं असतं. म्हणून खिशात पैसे मोजके असतील तर बागायतदाराने पहिली जाहिरात सर्चवर करावी, असं माझं ठाम मत आहे.

हा लेख कोकणातून पुण्या-मुंबईला थेट पेट्या पाठवणाऱ्यांसाठी लिहिला आहे. एसी दुरुस्ती, शिकवणी, केटरिंग असा दुसरा व्यवसाय असेल तरी पायऱ्या याच. शब्द तेवढे आपले घालायचे. एकच गोष्ट आधी सांगून ठेवतो. खातं उघडायला अर्धा तास लागतो, आणि गूगल तुम्हाला त्या अर्ध्या तासात जाहिरात सुरू करायला लावतं. घाई करू नका. फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये निघायला लागणार असेल तर खातं जानेवारीतच उघडा. कागदपत्रांची पडताळणी, वेबसाइट, मोजमाप यांना वेळ लागतो, आणि पाडव्याला किंवा अक्षय तृतीयेला मागणी वाढलेली असताना खातं अडकून पडलं तर तो हंगाम परत येत नाही.

आधी कागदावर हिशोब

एका क्लिकला किती रुपये द्यायचे, हे गूगलने सुचवलेल्या आकड्यावरून ठरवू नका. ते तुमच्या पेटीवरून ठरतं.

समजा पॅकिंग, वाहतूक, खराब फळाची भरपाई सगळं वजा जाऊन एका पेटीमागे तुमच्या हातात ५०० रुपये राहतात. आणि समजा साइटवर आलेल्या १०० जणांपैकी ३ जण पेटी मागवतात. म्हणजे १०० क्लिकमागे १,५०० रुपये सुटले. एका क्लिकला १५ रुपये पडले तर ना नफा ना तोटा. पण जाहिरातीच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो धरला तर हीच मर्यादा साधारण १२ रुपये ७० पैशांवर येते. काही हातात राहायला हवं असेल तर ८-९ रुपयांच्या आत क्लिक मिळायला हवा.

तुमचे आकडे वेगळे असतील, पण हे गणित खातं उघडण्याआधी झालंच पाहिजे. तुमच्या भागात क्लिक २० रुपयांना जात असेल आणि तुमची मर्यादा १२ असेल, तर जाहिरातीत कितीही हुशारी केली तरी पैसे जाणार. मग मार्ग तीनच उरतात. साइट सुधारून १०० मधले ३ चे ५ करा, किमान ऑर्डर दोन पेट्यांची ठेवा, किंवा तेच गिऱ्हाईक हंगामात पुन्हा मागवेल अशी सेवा द्या. तिसरा मार्ग आंब्याच्या धंद्यात सगळ्यात जास्त चालतो. पहिली पेटी गोड निघाली की दुसरी मे महिन्यात जातेच, आणि दुसऱ्या पेटीला जाहिरातीचा खर्च नसतो.

जीएसटीबद्दल एक गोष्ट बागायतदारांच्या लक्षात येत नाही. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही, आणि स्वतःच्या शेतातला माल विकणाऱ्या शेतकऱ्याला त्यासाठी नोंदणीही करावी लागत नाही. हे चांगलंच आहे. पण त्यामुळे जाहिरातीवर भरलेला १८ टक्के कर तुम्हाला परत वळता करून घेता येत नाही. १०० रुपयांचे क्लिक म्हणजे तुमच्या खिशातून ११८ रुपये, असंच धरा. पल्प, आंबापोळी वगैरे विकत असाल आणि नोंदणी असेल, तर खात्यात जीएसटी क्रमांक घाला आणि किती कर वळता होईल ते आपल्या सीएला विचारा.

वेबसाइट: एक पान पुरे, पण नीट हवं

सर्चच्या जाहिरातीवर क्लिक केल्यावर माणूस कुठेतरी पोहोचला पाहिजे. ती जागा तुमची स्वतःची असावी. इन्स्टाग्रामचं पान किंवा नुसती व्हॉट्सॲपची लिंक देऊ नका. तिथे काय घडलं ते मोजता येत नाही, आणि जाहिरात नामंजूर होण्याचीही शक्यता असते. अर्धवट बांधलेली, ‘लवकरच येत आहोत’ लिहिलेली साइटही गूगल नाकारतं.

पानावर डझनाचा भाव हवा. फळाचं वजन किंवा आकार, पेटीत किती डझन, कोणत्या भागात पोहोचवता, मागवल्यापासून किती दिवसांत, आंबा तयार येणार की घरी पिकवावा लागणार, आणि फळ खराब निघालं तर काय, हे सगळं तिथेच लिहा. भाव लपवून ‘किमतीसाठी संपर्क करा’ लिहिणाऱ्या पानावरून लोक परत जातात, आणि त्या परत जाण्याचे पैसे तुम्ही भरलेले असतात. बागेचे खरे फोटो टाका. पान मोबाइलवर झटकन उघडतं ना, ते गावातल्या नेटवर्कवर तपासा. फोन आणि व्हॉट्सॲपची बटणं अंगठ्याच्या टप्प्यात ठेवा.

खातं कुणाच्या नावावर?

या मुद्द्यावर मी कुणाचंही ऐकून घेत नाही. खातं तुमच्याच जीमेलवर उघडा. मुलगा, भाचा, ओळखीचा एजन्सीवाला कुणीही काम करणार असेल तरी मालकी तुमची.

असं वारंवार होतं: एजन्सी ‘आम्ही सगळं बघतो’ म्हणते आणि स्वतःच्या ईमेलवर खातं उघडते. दोन हंगामांनी पटलं नाही म्हणून काम थांबतं, आणि मग कळतं की कोणत्या शब्दांवर ऑर्डर आल्या, कोणत्या वाया गेल्या, ती सगळी माहिती त्यांच्याकडे राहिली. बागायतदार पुन्हा शून्यावर.

योग्य पद्धत अशी. तुमच्या खात्याला दहा आकडी ग्राहक क्रमांक मिळतो. एजन्सीला फक्त तो द्या. ते त्यांच्या मॅनेजर खात्यातून जोडणीची विनंती पाठवतील, तुम्ही ती मंजूर करायची. काम थांबलं की जोडणी काढून टाकायची. खातं आणि इतिहास तुमच्याकडेच राहतो. घरातल्या कुणाला बघू द्यायचं असेल तर ‘ॲक्सेस’ विभागात त्याच्या ईमेलला फक्त वाचण्यापुरती परवानगी देता येते. ॲडमिनची परवानगी तुमच्याकडे आणि घरातल्या आणखी एका विश्वासाच्या माणसाकडे असावी, म्हणजे फोन हरवला तरी अडचण येत नाही. टू-स्टेप व्हेरिफिकेशन पहिल्याच दिवशी सुरू करा. गूगल ॲड्सचा पत्ता ब्राउझरमध्ये स्वतः टाइप करून लॉगिन करा, शोधून आलेल्या कुठल्याही लिंकवरून नको. हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या लॉगिन पानांवरून खाती पळवली जातात.

खातं उघडताना

गूगल ॲड्सच्या पानावर ‘स्टार्ट नाउ’ दाबलं की ते लगेच व्यवसायाचं नाव, साइट आणि पहिलं कॅम्पेन (एका बजेटखाली चालणारा जाहिरातींचा संच) विचारायला लागतं. पडद्यावर कुठेतरी लहान अक्षरांत कॅम्पेन न करता फक्त खातं तयार करण्याचा पर्याय असतो. काही वेळा तो ‘एक्स्पर्ट मोड’ या नावाने येतो. तोच घ्या. बटणांची नावं आणि जागा गूगल बदलत असतं, त्यामुळे नेमकी ओळ दिसली नाही तर घाबरू नका, ‘वगळा’ अर्थाचा पर्याय शोधा. ‘स्मार्ट’ नावाच्या सोप्या पद्धतीत शिरलात तर कोणत्या शोधावर पैसे जातात यावर तुमचा ताबा फारच कमी राहतो.

देश भारत, वेळ भारतीय, चलन रुपया. हे नीट बघून भरा, कारण चलन पुढे बदलता येत नाही. परदेशातला नातेवाईक तुमच्यासाठी खातं उघडत असेल तर हे विशेष बघायचं, नाहीतर बिलं डॉलरमध्ये यायला लागतात.

पैसे भरताना शक्य असेल तर ‘मॅन्युअल पेमेंट’ निवडा, म्हणजे आधी पैसे भरायचे आणि ते संपले की जाहिरात थांबणार. नवख्या माणसासाठी हीच सगळ्यात सुरक्षित मर्यादा. यूपीआय, नेट बँकिंग, कार्ड यांतून भरता येतं. कार्ड मात्र स्वतःचं किंवा फर्मचंच वापरा. खात्यावरचं नाव एक आणि कार्डावरचं भलतंच असेल, तर संशयास्पद व्यवहार म्हणून खातं बंद होऊ शकतं, आणि ते पुन्हा सुरू करून घेणं फार कटकटीचं असतं. बंद झालं म्हणून दुसरं खातं उघडायला जाऊ नका, तेही बंद होतं. रीतसर अपील करा.

नव्या खात्यासाठी ‘इतके खर्च करा, इतके मोफत मिळवा’ अशी सवलत बऱ्याचदा दिसते. घ्यायला हरकत नाही, पण अट वाचा. ठरावीक मुदतीत ठरावीक रक्कम तुम्ही आधी खर्च केल्यावरच ती जमा होते. सवलत मिळावी म्हणून बजेट वाढवू नका.

यानंतर जाहिरातदाराची ओळख पडताळणी येते. व्यक्ती म्हणून करायची असेल तर सरकारी ओळखपत्र, फर्म म्हणून करायची असेल तर जीएसटी प्रमाणपत्रासारखी नोंदणीची कागदपत्रं लागतात. नाव कागदपत्रावर जसं आहे तसंच भरा, अगदी वडिलांच्या नावासकट असेल तर तसंच. हे नाव लोकांनाही दिसतं. जाहिरातीच्या बाजूच्या तीन टिंबांवर क्लिक केलं की जाहिरातदार कोण आणि कुठल्या देशातला, हे उघड होतं. आंब्याच्या व्यवहारात हा फायदाच समजा. बनावट नावाने पेट्या विकणारे इतके झालेत की गिऱ्हाईकही आता तपासून बघतं.

मोजमाप लावल्याशिवाय एक रुपयाही नको

कन्व्हर्जन म्हणजे तुम्हाला हवं ते गिऱ्हाइकाने केलं, याची नोंद. ही नोंद नसेल तर किती क्लिक झाले ते कळेल, किती पेट्या गेल्या ते कळणार नाही.

साइट बनवणाऱ्याला सांगून गूगलचा टॅग, म्हणजे साइटवर काय घडलं ते नोंदवणारा कोडचा छोटा तुकडा, सगळ्या पानांवर बसवून घ्या. मग खात्यात तीन गोष्टी मोजायला लावा: ऑर्डरचा फॉर्म भरून ‘धन्यवाद’ पानावर पोहोचणं, साइटवरच्या फोन बटणावर क्लिक, आणि व्हॉट्सॲप बटणावर क्लिक. पहिली ‘प्रायमरी’ ठेवा, बाकीच्या दोन ‘सेकंडरी’. फरक असा की गूगलची यंत्रणा प्रायमरीकडे बघून बोली, म्हणजे एका क्लिकला किती द्यायचे ते, ठरवायला शिकते. व्हॉट्सॲपवर नुसतं ‘भाव काय?’ विचारणारे फार असतात. तेच यश असं यंत्रणेला शिकवलंत तर ती तुम्हाला भाव विचारणारेच आणून देईल. मात्र तुमच्या जवळपास सगळ्या ऑर्डर व्हॉट्सॲपवरच येत असतील, तर नाइलाजाने तेच प्रायमरी करावं लागतं. मग वहीत नोंद ठेवा: तारीख, नंबर, पेट्या, आणि ‘आमच्याबद्दल कुठे कळलं?’ याचं उत्तर. खात्यातला आकडा आणि वहीतला आकडा दर रविवारी शेजारी ठेवून बघा.

स्वतः फॉर्म भरून चाचणी करा. नोंद खात्यात दिसायला थोडा वेळ लागतो. ती दिसल्यावरच पुढे जा.

कॅम्पेनची सेटिंग: आधीच लागलेल्या खुणा काढा

नवीन कॅम्पेन करताना प्रकार ‘सर्च’ निवडा. गूगल ‘परफॉर्मन्स मॅक्स’ पुढे करेल. तो प्रकार यूट्यूब, जीमेल, इतर साइट्स सगळीकडे जाहिरात पसरवतो, आणि पैसे नेमके कुठे गेले ते नवख्याला समजत नाही. पहिल्या हंगामात सर्चच.

मग नेटवर्क. ‘डिस्प्ले नेटवर्क’ (इतर साइट्स आणि ॲपमधल्या जाहिराती) आणि ‘सर्च पार्टनर’ (गूगलबाहेरच्या साइट्सवरचा शोध) या दोन्ही चौकटींत बहुतेकदा आधीच खूण असते. दोन्ही काढा. ‘एआय मॅक्स’ नावाचा पर्याय दिसला तर तोही आत्ता बंद. तो तुमच्या यादीबाहेरच्या शोधांवरही जाहिरात नेतो आणि मजकूर स्वतः बदलतो. हाताशी काही आठवड्यांची माहिती जमल्यावर त्याचा विचार करता येईल.

ठिकाण निवडताना आख्खा महाराष्ट्र घेऊ नका. जिथे तुमची पेटी दोन दिवसांत सुखरूप पोहोचते तेवढाच भाग घ्या: पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, जे असेल ते. नकाशावर टाचणी ठेवून अमुक किलोमीटरचं वर्तुळही काढता येतं. आता खरी खोच. ठिकाणाच्या खाली ‘लोकेशन ऑप्शन्स’ उघडलंत की दिसेल, निवडलेला पर्याय आहे ‘इथे असलेले किंवा या जागेत रस दाखवणारे’ लोक. म्हणजे पुण्याबद्दल काही शोधणारा दिल्लीचा माणूसही तुमच्या पैशांवर क्लिक करू शकतो. तो बदलून ‘इथे असलेले किंवा नियमित येणारे’ हा पर्याय करा. परदेशातल्या मुलांनी पुण्यातल्या आई-वडिलांसाठी पेटी मागवणं ही खरी बाजारपेठ आहे, पण तिच्यासाठी पुढे वेगळं कॅम्पेन करा, वेगळं बजेट ठेवा.

भाषा निवडायचा पर्याय दिसला तर मराठी, हिंदी आणि इंग्रजी तिन्ही निवडा. मराठी माणसाच्या फोनची भाषा बहुतेकदा इंग्रजीच असते. फक्त मराठी निवडलंत तर तुमचंच गिऱ्हाईक बाहेर राहील. ही निवड केल्याने जाहिरातीचं भाषांतर होत नाही, हेही लक्षात असू द्या. लिहाल त्याच भाषेत ती दिसते.

बजेट रोजचं असतं, पण सरासरीने. दिवसाला ५०० रुपये लिहिलेत तर मागणीच्या दिवशी १,००० पर्यंत खर्च होऊ शकतो, दुसऱ्या दिवशी कमी होईल. महिन्याची कमाल मर्यादा रोजच्या आकड्याच्या ३०.४ पट, म्हणजे १५,२०० रुपये, करासकट १७,९३६. हा आकडा परवडत नसेल तर रोजचं बजेट आत्ताच कमी करा.

बोलीसाठी सुरुवातीला ‘मॅक्सिमाइझ क्लिक्स’ (बजेटात जास्तीत जास्त क्लिक) घ्या आणि कमाल बोलीच्या चौकटीत कागदावर काढलेला आकडा भरा. ती चौकट रिकामी ठेवलीत तर एकेक क्लिक तुमच्या नफ्यापेक्षा महाग पडू शकतो. महिन्याला तीसेक ऑर्डर नीट मोजल्या जायला लागल्या की मग ‘मॅक्सिमाइझ कन्व्हर्जन्स’कडे वळा.

कीवर्ड: सगळा खेळ इथे

कीवर्ड म्हणजे कोणत्या शोधावर तुम्हाला बोली लावायची आहे ते शब्द. खात्यातल्या ‘कीवर्ड प्लॅनर’मध्ये शब्द टाकलात की तो महिन्याला साधारण किती वेळा शोधला जातो याचा पल्ला आणि बोलीचा अंदाज कळतो. तिथून सुरुवात करा, पण गिऱ्हाईक फोनवर कसं बोलतं ते जास्त महत्त्वाचं.

मराठी माणूस तीन प्रकारे शोधतो: देवनागरीत, रोमन अक्षरांत मराठी लिहून, आणि सरळ इंग्रजीत. ‘हापूस आंबा पेटी’ रोमन अक्षरांत टाइप करणारे भरपूर असतात, आणि ‘अल्फान्सो’ लिहिणारे वेगळे. तिन्ही रूपं यादीत हवीत. स्पेलिंगच्या चुका यंत्रणा बऱ्याच अंशी ओळखते, त्यासाठी वेगळे शब्द घालत बसू नका.

शब्द किती काटेकोरपणे जुळायला हवा याचे तीन प्रकार आहेत. नुसता शब्द लिहिला तर ‘ब्रॉड’, म्हणजे गूगलला अर्थाने जवळ वाटेल त्या शोधावर जाहिरात. दुहेरी अवतरणात लिहिला तर ‘फ्रेज’, म्हणजे शोधात तुमच्या शब्दाचा अर्थ आलाच पाहिजे. चौकोनी कंसात लिहिला तर ‘एक्झॅक्ट’, म्हणजे तोच अर्थ, तेवढाच. सुरुवात फ्रेज आणि एक्झॅक्टने करा.

एकाच ढिगात सगळे शब्द टाकू नका. ‘देवगड हापूस घरपोच’, ‘देवगड हापूस ऑनलाइन’ हे एका ॲड ग्रुपमध्ये, म्हणजे कॅम्पेनमधल्या एका गटात. ‘हापूस पेटी भाव’, ‘हापूस डझन किंमत’ हे दुसऱ्यात. ऑफिसच्या भेटींसाठी पेट्या मागवणाऱ्यांचे शब्द तिसऱ्यात. प्रत्येक गटाची जाहिरात त्याच शब्दांत बोलली पाहिजे. यामागे कारण आहे. प्रत्येक शोधाच्या वेळी क्षणभरात लिलाव होतो, आणि त्यात नुसती बोली बघत नाहीत. जाहिरात शोधाशी किती जुळते, तिच्यावर क्लिक होण्याची शक्यता किती, पान उघडल्यावर माणसाला हवं ते मिळतं का, हेही धरतात. याच तीन गोष्टींवरून खात्यात १ ते १० असा क्वालिटी स्कोअर दिसतो. या बाबतीत तुम्ही चांगले असाल तर जास्त बोली लावणाऱ्याच्याही वर, कमी पैशात, दिसू शकता.

आता निगेटिव्ह कीवर्ड, म्हणजे कोणत्या शोधावर जाहिरात दिसू नये. आंब्याच्या धंद्यात ही यादी पहिल्याच दिवशी हवी: रेसिपी, आमरस, लोणचं, कलम, रोप, लागवड, फवारणी, मोहोर, चित्र, रंगवणे, वॉलपेपर, नोकरी. आणि ‘निबंध’! ‘माझे आवडते फळ आंबा’ शोधणारी शाळकरी मुलं फार, आणि ती क्लिकही करतात. ‘बाजारभाव’ आणि ‘मार्केट यार्ड’ शोधणारे बहुतेक व्यापारी नाहीतर शेतकरी असतात, तेही बाहेर ठेवा. फक्त ‘भाव’ हा एकटा शब्द निगेटिव्हमध्ये टाकू नका, कारण ‘हापूस पेटी भाव’ विचारणारं गिऱ्हाईक खरं असतं. निगेटिव्ह शब्दाचे समानार्थी किंवा एकवचन-अनेकवचन यंत्रणा आपोआप धरत नाही. ‘रोप’ आणि ‘रोपे’, ‘लोणचं’ आणि ‘लोणचे’ दोन्ही लिहायचे, रोमन अक्षरांतही.

जाहिरातीचा मजकूर

सर्चची जाहिरात आता एकाच प्रकारची असते. तुम्ही १५ पर्यंत शीर्षकं आणि ४ पर्यंत वर्णनं द्यायची, गूगल त्यांतून जोड्या लावून दाखवतं. शीर्षक ३० अक्षरांचं, वर्णन ९० चं. मराठीत काना, मात्रा, वेलांटीही जागा खातात, म्हणून चौकटीखालचा आकडा बघत लिहा. बसतील अशी काही शीर्षकं: ‘देवगड हापूस थेट बागेतून’, ‘पुण्यात घरपोच हापूस पेटी’, ‘पेंढ्यात पिकवलेला आंबा’, ‘खराब फळ बदलून मिळेल’. वर्णन असं: ‘सिंधुदुर्गातल्या स्वतःच्या बागेतला हापूस. डझनाचा भाव साइटवर. पुणे, पिंपरीत घरपोच.’

‘सर्वोत्तम’, ‘नंबर एक’ असे शब्द टाळा. ‘पेंढ्यात पिकवलेला’ हे तीन विशेषणांपेक्षा जास्त सांगतं, कारण गिऱ्हाइकाला कार्बाइडची भीती असते. फळ पिकवायला कॅल्शियम कार्बाइड वापरण्यावर बंदी आहे हे लोकांना ठाऊक आहे, तरी धास्ती जात नाही. पण लिहाल ते खरं हवं. कोकणातल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या जिल्ह्यांतल्या फळासाठी आहे. बाहेरून आणलेला आंबा ‘देवगड’ म्हणून विकणं ही फसवणूकच आहे, आणि त्याने खऱ्या देवगडवाल्याचा भाव पडतो.

नियम थोडक्यात: मजकुरात फोन नंबर घालता येत नाही, शीर्षकात उद्गारचिन्ह चालत नाही. नंबरासाठी ‘कॉल ॲसेट’ आहे. तो जोडा आणि फोन उचलणारं कुणी असेल तेवढ्याच वेळांत दाखवायला लावा. ‘साइटलिंक’मध्ये, म्हणजे जाहिरातीखाली दिसणाऱ्या जादा लिंकमध्ये, भाव, बाग, डिलिव्हरीची माहिती अशी वेगवेगळी पानं द्या. मंजुरी साधारण एका कामकाजाच्या दिवसात येते.

पहिले पंधरा दिवस

स्वतःची जाहिरात दिसते का ते गूगलवर शोधून बघू नका, घरच्यांनाही सांगा. क्लिक न करता नुसतं बघत राहिलात तर जाहिरातीचं क्लिकचं प्रमाण घसरतं, आणि क्लिक केलंत तर पैसे जातात. खात्यात ‘ॲड प्रिव्ह्यू अँड डायग्नोसिस’ नावाचं साधन आहे, त्यात बघा.

रोज संध्याकाळी एकच अहवाल उघडा: ‘सर्च टर्म्स’. लोकांनी खरंच काय टाइप केलं होतं ते तिथे दिसतं. समजा यादीत हे आलं: ‘देवगड हापूस पेटी पुणे’, ४ क्लिक, १ ऑर्डर. ‘हापूस आंबा कसा ओळखावा’, ६ क्लिक, ऑर्डर नाही. ‘हापूस कलम किंमत’, ३ क्लिक. पहिला शोध चौकोनी कंसात घालून कीवर्ड करा. तिसऱ्यातला ‘कलम’ निगेटिव्ह यादीतून सुटलेला दिसतोय, टाका. दुसऱ्याला मात्र थांबा. ओळखावा कसा हे विचारणाऱ्याला बहुतेकदा फसवणूक नको असते, म्हणजे तो घेणारा असू शकतो. ‘खरा हापूस कसा ओळखावा’ हे साइटवर नीट लिहा, आणि आठवडाभराने आकडे पुन्हा बघा. यादी वाचून असे निर्णय घेणं हे तुमचं काम. ते कुणालाही पूर्ण सोपवू नका, कारण आंबा तुम्हाला कळतो.

बाकी सेटिंगला रोज हात लावू नका. बोली, बजेट, मजकूर एकाच दिवशी बदललं तर कशामुळे काय झालं ते समजत नाही.

‘शिफारशी’ विभागात एक टक्केवारी दिसते, आणि ती १०० करा असा आग्रह होतो. ती नफ्याची टक्केवारी नव्हे. बजेट वाढवा, सगळे शब्द ब्रॉड करा, अशाच बऱ्याच सूचना त्यात असतात. एकेक वाचा, पटेल ती घ्या, बाकीच्या फेटाळा. फेटाळल्यावरही टक्केवारी वाढते. ‘ऑटो-अप्लाय’च्या सगळ्या खुणा काढून टाका, नाहीतर बदल परस्पर होत राहतात. मदतीच्या नावाने फोन येतील. त्यांतले काही खरे, काही भामटे. ओटीपी किंवा स्क्रीन कुणालाही द्यायची नाही. फोनवर बोलता बोलता सेटिंग बदलू नका. ‘ईमेलवर पाठवा, बघतो’ एवढं म्हणून ठेवा.

हंगाम संपल्यावर

माल संपत आला की त्याच दिवशी कॅम्पेन ‘पॉज’ करा. एका भागाची डिलिव्हरी बंद झाली तर तेवढंच ठिकाण काढा. खातं मात्र बंद करू नका. त्यातला इतिहास पुढच्या वर्षी उपयोगी पडतो.

सर्च टर्म्सचा पूर्ण हंगामाचा अहवाल उतरवून घ्या, आणि वहीशी ताडून तीन आकडे काढा: एका ऑर्डरमागे जाहिरातीला करासकट किती लागले, कोणत्या शब्दांनी ऑर्डर दिल्या, आणि किती गिऱ्हाइकांनी पुन्हा मागवलं. पुढच्या जानेवारीत कमाल बोलीच्या चौकटीत काय भरायचं ते याच तीन आकड्यांवरून ठरवा. आणि ज्यांनी पेट्या घेतल्या त्यांचे नंबर, त्यांना विचारून, नीट जपून ठेवा. पुढच्या हंगामाचा पहिला निरोप त्यांनाच जायला हवा, जाहिरात सुरू करण्याच्या आठवडाभर आधी.